सोलापुरात डेटावाल्यांमध्ये क्षेत्रकार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा सायन्सचं, म्हणजे साठवलेल्या माहितीतून संगणकाच्या मदतीने अंदाज काढण्याचं, काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून त्यांचं काम समजून घेणं हा गेली काही वर्षं माझा अभ्यास आहे. तो मी सोलापुरातच करते. समाजशास्त्राचे विद्यार्थी, संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि ज्यांच्या शेजारी मी बसते ती माणसं, सगळीकडून बरेचसे सारखेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हा अभ्यास म्हणजे मुलाखती घेणंच ना?

मुलाखती त्यात येतात, पण त्यांच्यावर भागत नाही. मुलाखतीत माणूस आपल्या कामाची गोष्ट सांगतो. शेजारी बसलात की काम होताना दिसतं.

एका तरुणाने मुलाखतीत मला सांगितलं होतं, "डेटा क्लीन केला, मॉडेल ट्रेन केलं, रिझल्ट चांगला आला." (मॉडेल म्हणजे आधीच्या माहितीवरून शिकून अंदाज करणारा प्रोग्रॅम, आणि ट्रेन करणं म्हणजे त्याला ते शिकवणं.) तीन वाक्यांत विषय संपला. नंतर मी त्याच्या शेजारी बसले, तेव्हा त्यातल्या पहिल्या वाक्याला चार दिवस लागले. डाळिंबाच्या बागांची ती माहिती होती. कुठल्या ओळी ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी त्याने सांगोल्याच्या मामांना फोन लावला आणि मामांनी दहा मिनिटांत जे सांगितलं त्यावरून तीनशेच्या आसपास ओळी परत घेतल्या. मुलाखतीत मामा नव्हते. त्याने लपवलं होतं असं नाही, त्याला तो 'कामाचा भाग' वाटलाच नव्हता. क्षेत्रकार्य लागतं ते या मामांसाठी.

विद्यापीठात तुम्हाला 'सहभागी निरीक्षण' हा शब्द भेटेल. तो हाच.

आदिवासी पाडे, गावगाडा, जाती यांचा असा अभ्यास होतो. ऑफिसात बसणाऱ्यांचा कशाला?

या वाटेने बरेच जण गेले आहेत. ब्रुनो लातूर हा फ्रेंच अभ्यासक १९७५ ते १९७७ या काळात कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेच्या प्रयोगशाळेत बसून शास्त्रज्ञ 'तथ्य' कसं घडवतात ते पाहत होता. स्टीव्ह वूलगरबरोबर त्याने ते १९७९ मध्ये पुस्तकात मांडलं. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी १९७२ मध्येच आपल्या क्षेत्रातल्यांना विचारलं होतं, की आपण नेहमी दुबळ्यांचाच अभ्यास का करतो, ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांचा का नाही? आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांत बसलेल्या मानववंशशास्त्रज्ञ डायाना फोर्सिथ यांचं निरीक्षण मला रोज आठवतं. तिथल्या लोकांना 'काम' म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं एवढंच वाटायचं. बैठका, समजावणं, शिकवणं यांत दिवस जायचा, पण ते त्यांच्या मोजणीत येत नसे. वर सांगितलेले मामा मला कळले ते त्यांच्यामुळे.

अलीकडचं उदाहरण म्हणजे संशोधक नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास. भारत, आफ्रिकेतले काही देश आणि अमेरिका इथल्या ५३ जणांशी ते बोलले. सगळ्यांना मॉडेलचं काम हवं असतं, डेटाचं काम कुणालाच नको असतं, हे त्यातून पुढे आलं. सुरुवातीला डेटात राहिलेली कसर पुढे मोठी होत जाते, हेही.

मग हैदराबाद-पुणे सोडून सोलापूर का?

कारण इथे अंतर कमी आहे.

मोठ्या शहरातल्या टीमला डेटा एका फाइलमध्ये मिळतो. ती फाइल कुणी भरली, कुठल्या उन्हात, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांना कळायला वाव नसतो. सोलापुरात माहिती भरणारी आणि त्या माहितीवर मॉडेल चालवणारा कधीकधी एकाच गल्लीत राहतात. मॉडेल 'जुळे सोलापूर' या वस्तीत बनतं, टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणला जातो, मधे रिक्षाचा प्रवास. आई विडी वळते आणि मुलगा बंगळुरूच्या कंपनीसाठी घरातूनच डॅशबोर्ड बनवतो, असं घर मी पाहिलं आहे. हजार विड्यांमागे किती मजुरी, हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मोजून घेतलेल्या कामाचा अर्थ त्या मुलाला कुणी शिकवावा लागत नाही.

शिवाय या शहराला मोजमापाची, खातेवहीची, हजेरीपटाची जुनी सवय आहे. एकोणिसाव्या शतकात इथे कापडगिरण्या आल्या, पुढे यंत्रमाग आले, जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले. उसाचं वजन, रिकव्हरीचा म्हणजे उसातून उतरणाऱ्या साखरेचा टक्का, कामगाराची पाळी हे सगळं डेटाच आहे, फक्त त्याला तो शब्द नव्हता. इतका जवळून पाहता येणारा डेटा सोडून मी दुसऱ्या शहरात जाऊ कशाला?

सोलापुरात डेटा सायंटिस्ट आहेत तरी किती? आणि कुणाला म्हणायचं?

मोजायला गेलात तर अडकाल, कारण व्याख्याच सरकती आहे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-हैदराबादेहून घरी आलेले आणि मग घरूनच काम करत राहिलेले काही जण आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले आणि विद्यापीठातले विद्यार्थी-प्राध्यापक आहेत. दोन-तीन माणसांच्या छोट्या फर्म आहेत. फोटोंवर चौकटी काढून लेबल लावणाऱ्या मुली आहेत. त्यांना कुणी डेटा सायंटिस्ट म्हणत नाही, पण त्यांच्याशिवाय मॉडेल उभं राहत नाही. आणि कारखान्यांच्या ऑफिसांत वीस-वीस वर्षं एक्सेल चालवणारे हिशेबनीस आहेत, ज्यांचे अंदाज पुष्कळदा मॉडेलच्या तोडीचे असतात.

माझा सल्ला असा, की व्याख्या घेऊन जाऊ नका. कोण स्वतःला काय म्हणवतं आणि कोण दुसऱ्याला ते म्हणू देत नाही, हे टिपा.

आत शिरायचं कसं?

ओळखीने. सोलापुरात दुसरा रस्ता नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पण ज्याच्या ओळखीने जाल त्याच्या बाजूचे समजले जाल, हे लक्षात ठेवा. मालकाने ओळख करून दिली तर मुलं तुम्हाला मालकाचा माणूस समजतील आणि दोन महिने नीटनेटकं बोलतील. मी एका ठिकाणी चहावाल्या अण्णांच्या टपरीवरून सुरुवात केली. दुपारी सगळे तिथे यायचे, आणि ऑफिसात न बोललेलं तिथे बोलायचे.

पहिल्या दिवशीच साध्या मराठीत सांगा : मी काय लिहिणार, कुणासाठी, आणि तुमच्या साहेबांना काय सांगणार नाही.

गोपनीयतेचा करार असतो. मग परवानगी कुणाची घ्यायची?

तीन पातळ्यांवर विचार करा. फर्मच्या मालकाची लेखी परवानगी. प्रत्येक माणसाची स्वतंत्र संमती. मालक 'हो' म्हणाला म्हणून कामगाराचं 'हो' गृहीत धरायचं नाही, आणि संमती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. तिसरी पातळी ग्राहकाची, ज्याचा डेटा पडद्यावर दिसतो. तिथे मी सरळ नियम केला आहे : पडद्याचा फोटो नाही, आकडे वहीत नाहीत, ग्राहकाचं नाव नाही. मला कृती पाहायची असते, त्यासाठी खरा आकडा लागत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह सूट आहे, पण तिच्यावर विसंबून संमती टाळू नका. तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे आधी जा.

मला पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा यायला हवी का?

वाचता आलं पाहिजे, लिहिता आलं नाही तरी चालेल. कुठल्या ओळीत माहिती गाळली जाते आणि कुठल्या ओळीत दोन तक्ते जोडले जातात, एवढं कळलं तरी योग्य जागी प्रश्न विचारता येतो. मी तीन महिने शिकले. फार येत असेल तर वेगळीच अडचण होते, कारण मग समोरचा समजावून सांगत नाही. 'तुम्हाला माहितीच आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

दिवसभर माणूस स्क्रीनकडे बघत बसलेला असतो. त्यात पाहायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पहिल्या आठवड्यात मीही रडकुंडीला आले होते. वहीत 'टाइप करतो आहे' याखेरीज काही नव्हतं. हळूहळू डोळा तयार झाला. तेव्हापासून मी काय बघते ते सांगते.

हात थांबतो ती जागा. टायपिंग थांबलं, खुर्ची मागे गेली, म्हणजे निर्णय आला. तिथे हळू आवाजात विचारा, "आत्ता काय चाललंय मनात?" दर वेळी नाही, दिवसातून पाच-सहा वेळा. नाहीतर तुमचाच त्रास होतो.

खोडलेलं. ज्युपिटर नोटबुक म्हणजे प्रोग्रॅम तुकड्यातुकड्याने लिहून चालवून बघायची वही. तिच्यात माणूस पंधरा तुकडे लिहितो आणि बारा पुसतो. साहेबांपुढे तीन जातात. त्या बारांत सगळा विचार असतो. एक मुलगी पुसायच्या आधी मला दाखवायला लागली, तो माझ्या क्षेत्रकार्यातला फार मोठा दिवस होता.

फायलींची नावं. 'फायनल', 'फायनल दोन', 'सरांनी सांगितलेलं', 'जुनं पण ठेव'. यातून ऑफिसातल्या अधिकाराची उतरंड कळते.

कुणाला विचारलं. शेजाऱ्याला, वॉट्सअपवरच्या जुन्या मित्राला, की चॅटबॉटला? हे अलीकडे झपाट्याने बदललं आहे. पूर्वी अडलं की खुर्ची फिरायची आणि मला दोघांचं बोलणं ऐकायला मिळायचं. आता माणूस गप्प बसून चॅटबॉटला लिहितो. त्यामुळे 'तू त्याला काय विचारलंस ते मला वाचून दाखवशील का?' हा माझा नेहमीचा प्रश्न झाला आहे. त्या प्रश्नांत माणूस आपली शंका शेजाऱ्यापुढे मांडली नसती इतकी उघड मांडतो.

आणि वीज. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेलेला, वीज जाते, चाललेलं ट्रेनिंग तुटतं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात लोक कामाबद्दल जे मनमोकळं बोलतात ते एरवी महिन्यात बोलत नाहीत.

डेटा जिथून येतो तिथेही जायचं का?

जायचंच. माझ्या मते तिथे गेल्याशिवाय अभ्यास अर्धा राहतो. दोन प्रसंग सांगते.

दोन जणांची एक फर्म कॅमेऱ्याने टॉवेलमधला दोष ओळखणारं मॉडेल बनवत होती. लेबलं चार : छिद्र, डाग, तुटलेली तार, इतर. काही दिवसांत 'इतर' फुगत चाललं. लेबल लावणारी मुलगी एका संध्याकाळी कारखान्यात टॉवेल तपासणाऱ्या मावशींना भेटायला गेली, मीही तिच्याबरोबर गेले. मावशी टॉवेल बघत नव्हत्या, त्यावरून हात फिरवत होत्या. फोटोत न येणारं त्यांच्या तळव्याला कळत होतं. दोषांची नावं त्यांच्याकडे कितीतरी जास्त होती, काही तेलुगू, काही मराठी. आणि त्यांनी सहज सांगितलं, की हाच डाग निर्यातीच्या ऑर्डरीत असेल तर माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जातो, गावातल्या बाजारासाठी असेल तर पास होतो. म्हणजे दोष कापडात जितका असतो तितकाच ऑर्डरीतही असतो. मॉडेलला ऑर्डर कुणी सांगितलीच नव्हती. परत येताना रिक्षात ती मुलगी गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने तक्त्यात नवा रकाना मागितला.

दुसरा प्रसंग पहिल्या प्रश्नातल्याच डाळिंबाचा. तक्त्यात हंगामाचे पर्याय होते खरीप, रब्बी, उन्हाळी. पण डाळिंबवाला बहार धरतो, म्हणजे झाडाला कधी फुलवायचं ते ठरवतो. पावसाच्या सुरुवातीला मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. तेल्या रोग पावसाळी दमट हवेत फोफावतो, त्यामुळे कोणता बहार धरला ही रोगाच्या दृष्टीने पहिली माहिती. रकान्यात तिला जागाच नव्हती. माहिती भरणाऱ्याने आपण बागेत गेलो त्या तारखेवरून हंगाम टाकला. पुढे मॉडेलला त्यात छान आवर्तन सापडलं आणि सगळे खूश झाले. ते आवर्तन त्या माणसाच्या फेऱ्यांचं होतं. मामांनी फोनवर विचारलं ते एवढंच : "बहार कुठला धरलाय ते लिहिलंय का?"

कुठल्या भाषेत बोलायचं?

ज्या भाषेत काम थांबतं त्या भाषेत. सोलापुरात एकाच टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी ऐकू येते. मीटिंग इंग्रजीत होते, वैताग तेलुगूत निघतो. माझी तेलुगू कच्ची आहे, म्हणून मी एका विद्यार्थिनीची मदत घेते आणि तिचं नाव सहसंशोधक म्हणून लावते. "काय करलालास?" असं अस्सल सोलापुरी बोलीत कुणी मला पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी मी पाहुणी राहिले नाही, हे मला कळलं.

भाषेचा प्रश्न डेटातही येतोच. येमुल, येमूल, यमुल ही एकाच घराच्या आडनावाची तीन रूपं असू शकतात किंवा तीन वेगळी माणसं. आंधळेपणाने एकत्र केलीत तर कुणाची तरी नोंद गायब होते.

ते लोक विचारतात, "मॅडम, सॅम्पल साइझ किती?"

विचारणारच, किती जणांवरून निष्कर्ष काढला हे विचारणं हा त्यांचा धर्म आहे. त्यांना मी सांगते : सोलापुरातले किती टक्के लोक अमुक करतात, हे मी सांगणारच नाही. हा निर्णय कसा होतो, त्यात काय काय शिरतं, हे सांगेन. तुमच्या मॉडेलला कुठला रकाना हवा हे कळण्यासाठी आधी कुणीतरी बागेत जावं लागतं. मी ती बागेत जाणारी. बहुतेकांना हे पटतं. ज्यांना पटत नाही त्यांचे आक्षेपही वहीत लिहा, चांगला पुरावा म्हणजे काय याबद्दल ते लोक काय मानतात हे त्यातूनच समजतं.

टिपणं कशी ठेवायची?

त्याच रात्री लिहायची. झोप झाली की अर्धं जातं. पाहिलेलं आणि मला वाटलेलं वेगवेगळ्या पानांवर. आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरा गावात केलेल्या क्षेत्रकार्याच्या, मेहनतीने तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत जळाल्या. त्यांनी आठवणीच्या आधाराने लिहिलेलं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि ते आजही वाचलं जातं. पण आपण श्रीनिवास नाही. एक प्रत घरी, एक कुलूपबंद ड्राइव्हवर ठेवा.

रेकॉर्डिंग एआयला देऊन उतरवून घेऊ का?

माणसाने तुम्हाला संमती दिली आहे, कुठल्याशा सर्व्हरला नाही. वेगळी विचारा. तसंही एका वाक्यात तीन भाषा आल्या की ही साधनं घसरतात आणि घसरलेलं नीट वाक्य करून देतात, ते जास्त घातक. मी हाताने उतरवते. वेळ जातो, पण विश्लेषण तिथेच सुरू होतं.

नाव बदललं की ओळख लपते ना?

सोलापुरात नाही. माझी एक चूक सांगते. एका लेखात मी नाव बदललं, फर्मचं नाव दिलं नाही, पण 'होटगी रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातली एकमेव टीम लीड' असं लिहिलं. आठवड्याच्या आत तिच्या सासरच्या मंडळींनी तिला विचारलं, "हे तुझ्याबद्दल आहे का?" तिचं पगाराबद्दलचं बोलणं त्यात होतं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, लेखातला तो भाग काढला. तिने माफ केलं, पण पुढे ती माझ्याशी मोजकंच बोलली आणि ते तिच्या बाजूने बरोबरच होतं.

तेव्हापासून रस्ता, खोल्या, टीममधली संख्या, घरची पार्श्वभूमी यांतल्या दोन गोष्टी तरी मी बदलते. दोन माणसांचे प्रसंग एकात मिसळले तर तसं लेखात सांगते. आणि छापण्याआधी त्या व्यक्तीला ओळ न् ओळ वाचायला देते.

काही चुकीचं दिसलं तर?

दिसेल. वॉट्सअपवरून आलेल्या एक्सेलमध्ये लोकांचे आधार क्रमांक उघडे, हे मी पाहिलं आहे. आधी त्या मुलालाच सांगितलं. त्याला ते चुकीचं आहे हे माहीत होतं, पण वरच्याला सांगायची भीती होती. मग त्याच्याशी बोलून ठरवलं, की मी कुणाचं नाव न घेता मालकांना डेटा कसा हाताळावा यावर एक तास बोलेन. तो रकाना निघाला. इतर वेळी इतकं सोपं गेलेलं नाही. कुणाच्या जिवाला किंवा पोटाला थेट धोका असेल तर गप्प बसायचं नाही, हे मी संमतीपत्रातच लिहिते, म्हणजे नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

त्यांना पैसे द्यायचे का?

लेबल लावणाऱ्या मुलींना नगावर पैसे मिळतात. मी त्यांचा तास घेतला तर त्या तासाचे पैसे देते, त्यांच्या दराने नव्हे, माझ्या दराने. पगारदारांना देत नाही. त्यांचं इंग्रजी प्रेझेंटेशन तपासून देणं, त्यांच्या ज्युनिअरला माहिती गोळा करण्याबद्दल शिकवणं, असं करते. मी स्वतः तीन आठवडे टॉवेलच्या फोटोंवर चौकटी काढत बसले होते. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. 'इतर' हे बटण दाबण्यात केवढा दिलासा असतो, ते तेव्हा कळलं.

किती काळ लागतो?

वर्षभर तरी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, साखरेचा हंगाम, मार्चचा हिशेब, परीक्षा, यांनी कामाची लय बदलत जाते. एका महिन्यात एकच लय दिसते. वर्ष जमत नसेल तर आठवड्याला दोन दिवस, पण ठरलेले दोन दिवस जा. माणसं तुमची वाट पाहायला लागली पाहिजेत.

लिहिलेलं त्यांना दाखवल्यावर ते चिडले तर?

चिडतात, आणि ते ऐकायचं असतं. बहाराच्या रकान्याबद्दलचा मसुदा मी त्या तरुणाला दिला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही मला मूर्ख दाखवलंय." मी पुन्हा वाचलं. खरंच, त्याला थोड्याच दिवसांची मुदत होती आणि बागेत जायचा खर्च कुणी मंजूर केला नव्हता, हे मी लिहिलंच नव्हतं. ते घातलं. त्याने पुन्हा वाचलं आणि विचारलं, "मामांचं नाव टाकता येईल का?" नाव टाकता येणार नाही, असं सांगितलं. तो मसुदा त्याने सांगोल्याला नेऊन मामांना वाचून दाखवला.